अमेरिकेचं स्वातंत्र्ययुद्ध आणि गरीब-श्रीमंतांचा प्रश्न: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आपल्याकडे शाळेच्या पुस्तकात अमेरिकेचं स्वातंत्र्ययुद्ध थोडक्यात उरकतं. तिसरा जॉर्ज, चहाच्या पेट्या, ४ जुलै १७७६, वॉशिंग्टन, संपलं. या विषयावर कुठे बोलायला बसलं की मात्र लोक पुन्हा पुन्हा तेच प्रश्न विचारतात: हे स्वातंत्र्य कुणी मागितलं, त्यासाठी मेलं कोण, आणि शेवटी हाती कुणाच्या काय पडलं? त्या प्रश्नांची उत्तरं इथे एकत्र लिहून ठेवतो आहे. जिथे माझं स्वतःचं मत आहे तिथे ते स्पष्ट मांडलं आहे.

लढा इंग्लंडच्या राजाशी होता. त्यात वर्गाचा प्रश्न आला कुठून?

१७७५ च्या आसपास तेरा वसाहतींत मिळून साधारण २५ लाख माणसं राहत होती. त्यातली पाच लाखांच्या आसपास गुलाम होती. उरलेल्यांत बोस्टन आणि फिलाडेल्फियाचे व्यापारी होते, व्हर्जिनियाचे तंबाखूचे मळेवाले होते, हडसन नदीच्या खोऱ्यातले बडे जमीनदार आणि त्यांची कुळं होती. स्वतःच्या शेतात राबणारे शेतकरी होते. सुतार, दोर वळणारे, जोडे शिवणारे, छापखान्यातले उमेदवार आणि खलाशी होते. बोटीचं भाडं फिटावं म्हणून काही वर्षांच्या कराराने मालकाकडे बांधलेले गोरे नोकरही होते. या सगळ्यांना लंडनचा राग एकाच कारणाने आला असेल, हे पटण्यासारखं नाही.

कार्ल बेकर या इतिहासकाराने १९०९ साली न्यूयॉर्कबद्दल लिहिताना दाखवून दिलं की तिथे एकाच वेळी दोन भांडणं चालू होती. राज्य आपलं हवं का, हे एक. आणि आपल्यातल्या कुणी राज्य करायचं, हे दुसरं. मला ही मांडणी आजही उपयोगी वाटते, कारण दुसरं भांडण विसरलं की पहिल्या भांडणातल्या निम्म्या घटना कळेनाशा होतात.

पण तिथे तर जमीन मुबलक होती. खरंच एवढी विषमता होती का?

होती, पण सगळीकडे सारखी नव्हती. स्वतंत्र गोऱ्या माणसांपुरतं बोलायचं तर त्या काळच्या इंग्लंडपेक्षा तिथे विषमता कमी होती. न्यू इंग्लंडमध्ये स्वतःच्या नावावर शेत असणं ही सामान्य गोष्ट होती. शहरांत चित्र वेगळं होतं. बोस्टनच्या १७७१ च्या करनोंदी पाहिल्या तर वरच्या दहा टक्के करदात्यांकडे निम्म्याहून बरीच जास्त मालमत्ता दिसते. शहराच्या अनाथ-गरीबगृहात जागा पुरत नव्हती, कारण फ्रान्सशी झालेल्या लढायांत नवरे गमावलेल्या विधवा तिथे येत होत्या. दक्षिणेत तर माणूसच मालमत्तेत मोजला जात होता.

एक छोटी गोष्ट. एप्रिल १७७५ मध्ये लेक्झिंग्टनला पहिल्या गोळ्या झाडल्या गेल्या. त्याच दिवसांत जॉर्ज वॉशिंग्टनच्या मळ्यावरून दोन गोरे करारबद्ध नोकर होडी घेऊन पळाले. एक सुतारकाम करणारा, दुसरा विटा पाडणारा. त्यांना पकडून देणाऱ्याला बक्षीस देण्याची जाहिरात वॉशिंग्टनने दिली. स्वातंत्र्याची हवा सुटली होती आणि ती सगळ्यांनाच लागत होती.

करांचं दुखणं नेमकं कुणाचं होतं?

१७६३ मध्ये फ्रान्सशी चाललेलं सात वर्षांचं युद्ध संपलं तेव्हा ब्रिटनवर कर्जाचा डोंगर झाला होता. तो हलका करायला १७६५ चा मुद्रांक कायदा आला. वर्तमानपत्रं, दस्तऐवज, परवाने, अगदी पत्त्यांचे जोडसुद्धा सरकारी शिक्क्याच्या कागदावरच हवेत, असा नियम झाला. वकील, छापखानेवाले आणि व्यापारी हे तीन बोलके वर्ग एकदम दुखावले गेले. पण कर्जदार शेतकऱ्यालाही तो कागद लागणार होता, कारण सावकाराने कोर्टात खेचलं की प्रत्येक पानाला शिक्का आलाच.

बड्या लोकांची यापलीकडेही गाऱ्हाणी होती. १७६३ च्या राजाज्ञेने ॲपलेशियन डोंगरांपलीकडे वस्ती करायला बंदी घातली. तिथल्या जमिनी आधीच हेरून ठेवलेल्यांचा जीव वरखाली झाला. वॉशिंग्टन त्यांतलाच. १७६७ मध्ये जमीन शोधणाऱ्या आपल्या माणसाला त्याने लिहिलं की ही बंदी मूळ रहिवाशांना शांत करण्यापुरती तात्पुरती युक्ती आहे, तेव्हा चांगल्या जमिनी आत्ताच खुणा करून ठेवाव्यात. व्हर्जिनियाचे मळेवाले लंडनच्या अडत्यांच्या कर्जात बुडालेले होते. ही कर्जं बापाकडून मुलाकडे वारशाने येत आणि मळेवाले जणू त्या पेढ्यांचीच मालमत्ता होऊन बसले होते, असं पुढे स्वतः व्हर्जिनियाचा मळेवाला असलेल्या जेफरसननेच लिहून ठेवलं आहे.

म्हणून हे लोक ढोंगी होते का? मला तसं वाटत नाही. आपल्या पैशाच्या काळजीत असलेला माणूस तत्त्वासाठीही मनापासून लढू शकतो. फक्त आपण वाचताना दोन्ही गोष्टी डोळ्यांसमोर ठेवायला हव्यात.

बोस्टनच्या रस्त्यावर उतरलेले लोक कोण होते?

१४ ऑगस्ट १७६५ रोजी मुद्रांक वाटणाऱ्या अँड्र्यू ऑलिव्हरचा पुतळा झाडाला टांगला गेला आणि संध्याकाळी त्याच्या घरावर मोर्चा गेला. मोर्चाच्या पुढे होता एबनेझर मॅकिंटॉश, जोडे शिवणारा, शहराच्या दक्षिण भागातल्या पोरांचा म्होरक्या. त्याच्या मागे 'लॉयल नाइन' नावाची छोटी मंडळी होती. त्यांत बरे खातेपिते कारागीर आणि व्यापारी होते.

बारा दिवसांनी, २६ ऑगस्टला, गर्दीने उपराज्यपाल टॉमस हचिन्सनच्या वाड्याकडे मोर्चा वळवला आणि रात्रभर तो वाडा उतरवला. खिडक्या, भिंतीचं लाकूडकाम, माथ्यावरचा घुमट, सगळं पहाटेपर्यंत पद्धतशीर काढून टाकलं. दारूचं तळघर रिकामं झालं. हचिन्सनने वर्षानुवर्षं जमवलेली हस्तलिखितं रस्त्यावर विखुरली. मुद्रांकाच्या रागाने एवढं होत नाही. त्या वाड्याकडे रोज बघणाऱ्या लोकांचा जुना राग त्यात होता. दुसऱ्याच दिवशी शहराच्या सभेने या प्रकाराचा निषेध केला. पुढाऱ्यांना गर्दी हवी होती, पण वाडा हे तिचं लक्ष्य होणं त्यांना परवडणारं नव्हतं.

५ मार्च १७७० ला बोस्टनमध्ये ब्रिटिश शिपायांनी केलेल्या गोळीबारात मेलेले कोण होते?

क्रिस्पस ॲटक्स, आफ्रिकी आणि मूळ रहिवासी अशा दोन्ही वंशांचा खलाशी. सॅम्युएल ग्रे, दोर वळणारा. जेम्स कॉल्डवेल, खलाशी. सॅम्युएल मॅव्हरिक, सतरा वर्षांचा उमेदवार. पॅट्रिक कार, आयर्लंडहून आलेला चामड्याचं काम करणारा. यादीत एकही व्यापारी किंवा वकील नाही.

भांडणाची ठिणगी पोटापाण्याची होती. ब्रिटिश शिपायांना पगार तुटपुंजा, म्हणून ते सुट्टीच्या वेळात कमी मजुरीवर कामं धरायचे आणि स्थानिक मजुरांच्या तोंडचा घास जायचा. २ मार्चला एक शिपाई दोर वळण्याच्या कारखान्यात काम मागायला गेला. तिथल्या कामगाराने त्याला उत्तर दिलं, ये, माझा संडास साफ कर. मारामारी झाली आणि तीन दिवसांनी गोळ्या चालल्या. शिपायांचं वकीलपत्र पुढे राष्ट्राध्यक्ष झालेल्या जॉन ॲडम्सनेच घेतलं. कोर्टात त्याने जमावाचं वर्णन केलं ते उद्धट पोरं, काळे, मिश्रवंशीय, आयरिश आणि परमुलखातले खलाशी असं. आज त्या पाच जणांची नावं स्वातंत्र्याचे पहिले हुतात्मे म्हणून घेतली जातात.

चहा तर स्वस्त झाला होता. मग समुद्रात का टाकला?

१७७३ च्या चहा कायद्याने ईस्ट इंडिया कंपनीला आपला चहा थेट अमेरिकेत, मोजक्या नेमलेल्या व्यापाऱ्यांमार्फत विकायची मुभा मिळाली. कर राहिला, तरी भाव उतरला. यात चोरट्या मार्गाने डच चहा आणणारे आणि त्या मोजक्यांत नसलेले व्यापारी मारले जाणार होते. बोस्टनमधल्या नेमलेल्यांत खुद्द हचिन्सनचे दोन मुलगे होते. म्हणजे व्यापाऱ्यांचा स्वार्थ होताच. पण साध्या माणसाचा रागही खोटा नव्हता. आज चहा, उद्या आणखी काही, आणि सगळा बाजार एका कंपनीच्या मुठीत, ही भीती त्याला होती.

आपल्याला ही कंपनी परकी नाही. बंगालच्या १७७० च्या दुष्काळाच्या बातम्या अटलांटिक ओलांडून गेल्या होत्या. पेनसिल्व्हेनियाच्या जॉन डिकिन्सनने १७७३ च्या पत्रकात लिहिलं की राष्ट्रांचे कायदे आणि माणसांचे हक्क व प्राण यांची कंपनीला किती किंमत आहे हे तिच्या आशियातल्या वागण्याने दाखवून दिलं आहे. तिचीच मुंबईतली मंडळी त्या काळात राघोबादादांना हाताशी धरून पुण्याच्या गादीत हात घालत होती. १६ डिसेंबर १७७३ ला बोस्टनमध्ये ३४२ पेट्या फुटल्या. १ मार्च १७७६ ला पुरंदरचा तह झाला. दोन्ही ठिकाणी समोर कंपनीच होती.

त्या रात्री जहाजावर गेलेल्या एखाद्या साध्या माणसाची माहिती मिळते का?

मिळते, आणि ती मला या सगळ्या इतिहासात सर्वांत जवळची वाटते. जॉर्ज रॉबर्ट ट्वेल्व्ह्ज ह्यूज. जन्म १७४२, धंदा जोडे शिवण्याचा. १७७० मध्ये अंगावरच्या कपड्यांचं शिंप्याचं बिल थकलं म्हणून तो कर्जदारांच्या तुरुंगात गेला होता.

तरुणपणी त्याने जॉन हॅनकॉकचा, म्हणजे बोस्टनच्या बड्या धनिकाचा, एक जोडा दुरुस्त केला होता. हॅनकॉकने त्याला नववर्षाच्या भेटीला घरी बोलावलं. ह्यूज तोंड धुऊन, ठेवणीतले कपडे घालून गेला आणि दिवाणखान्यात अवघडून उभा राहिला. हॅनकॉकने त्याच्या पेल्याला पेला भिडवला, एक नाणं हातावर ठेवलं आणि त्याची बोळवण केली. म्हातारपणीसुद्धा ह्यूजला ती भेट बारीकसारीक तपशिलांसह आठवत होती. मोठ्या माणसासमोर कसं उभं राहायचं हे त्याच्या अंगात किती मुरलेलं होतं, ते त्यातून दिसतं.

मग चहाची रात्र आली. तोंडाला काजळी फासून तो गेला आणि पेट्या फोडताना शेजारी हॅनकॉक होता असं तो पुढे सांगत असे. हॅनकॉक तिथे जवळजवळ नक्कीच नव्हता. पण त्या रात्रीपुरतं आपण आणि तो एकाच पातळीवर होतो, हे त्याच्या मनाने पक्कं धरलं होतं. युद्धात तो शत्रूची जहाजं पकडणाऱ्या एका खासगी जहाजावर जाणार होता. जहाजाचं नाव 'हॅनकॉक'. रस्त्यात त्या जहाजाचा एक अधिकारी भेटला आणि टोपी काढ म्हणाला. ह्यूजने टोपी काढली नाही. ज्याच्यासाठी टोपी काढावी लागते त्याच्या हाताखाली काम करणार नाही, म्हणून त्याने दुसरं जहाज धरलं.

या क्रांतीने गरिबाला काय दिलं असं कुणी विचारलं की मी आधी ही टोपी सांगतो. पैसा त्याला मिळाला नाही. युद्धानंतरही तो गरीबच राहिला आणि १८४० मध्ये ९८ व्या वर्षी वारला.

बायका या सगळ्यात कुठे होत्या?

जुलै १७७७, बोस्टन. कागदी चलन घसरलेलं, साखर-कॉफीचे भाव आभाळाला टेकलेले. टॉमस बॉयल्स्टन नावाच्या धनाढ्य व्यापाऱ्याच्या वखारीत कॉफीचं मोठं पिंप होतं. पौंडाला सहा शिलिंगांच्या खाली तो कॉफी देईना. मग शंभरएक बायका, कुणी म्हणतं त्याहूनही जास्त, हातगाड्या घेऊन वखारीवर गेल्या. किल्ल्या मागितल्या. तो नाही म्हणाला. एकीने त्याची मानगूट धरून त्याला गाडीत टाकलं. सुटका नाही असं दिसल्यावर त्याने किल्ल्या दिल्या. बायकांनी गाडी कलती करून त्याला खाली ओतलं, वखार उघडली, कॉफी बाहेर काढली, गाड्यांवर लादली आणि निघून गेल्या. पुरुषांचा मोठा घोळका थक्क होऊन गप्प बघत उभा होता. हे सगळं ॲबिगेल ॲडम्सने नवऱ्याला, जॉन ॲडम्सला, पत्रातून कळवलं.

भाव वाढवून नफा कमावणारा व्यापारी देशभक्त असला तरी त्याला सोडायचं नाही, हा त्या बायकांचा कायदा होता. अशा अनेक घटना त्या वर्षांत वसाहतींत घडल्या. मत देण्याचा हक्क मात्र त्यांना जवळजवळ कुठेच मिळाला नाही. न्यू जर्सीत मालमत्ता असलेल्या अविवाहित आणि विधवा बायका मत देत. १८०७ मध्ये तोही हक्क काढून घेतला.

प्रत्यक्ष लढलं कोण?

पहिल्या वर्षी सगळ्या थरांतले लोक बंदूक घेऊन निघाले. युद्ध लांबलं तसे खातेपिते घरी परतले. फौजेत नाव निघालं तर पैसे मोजून बदली माणूस पाठवायची सोय होती. १७७७ नंतरच्या फौजेत भूमिहीन, मजूर, नव्याने आलेले आयरिश आणि जर्मन, नोकर आणि काळे सैनिक वाढत गेले.

त्यांचा पगार महिनोन्महिने थकायचा. १ जानेवारी १७८१ ला पेनसिल्व्हेनियाच्या पलटणी मॉरिसटाउनच्या छावणीत बंड करून उठल्या आणि शिस्तीत रांगा धरून फिलाडेल्फियाकडे चालू लागल्या. ब्रिटिशांनी पैशांचं आमिष घेऊन हेर पाठवले. या उपाशी शिपायांनी हेर पकडून आपल्याच वरिष्ठांच्या हवाली केले. त्यांच्या बऱ्याच मागण्या मान्य झाल्या. काही दिवसांनी न्यू जर्सीच्या पलटणींनीही तेच केलं, तेव्हा वॉशिंग्टनने बंड चिरडलं आणि दोन म्होरक्यांना त्यांच्याच सोबत्यांच्या हातून गोळ्या घातल्या.

गुलामांनी कुणाची बाजू घेतली?

जिथे सुटका दिसली तिथली. ७ नोव्हेंबर १७७५ ला व्हर्जिनियाचा राजनियुक्त गव्हर्नर डनमोर याने जाहीर केलं की बंडखोर मालकांचे जे गुलाम राजाच्या फौजेत येतील ते मुक्त. डनमोरला माणुसकीचा पाझर फुटलेला नव्हता, तो स्वतः गुलाम बाळगत होता. पण शेकडो लोक बायकापोरांसह निघाले. त्यातले कितीतरी देवीच्या साथीत गेले. १७८१ मध्ये यॉर्कटाउनच्या वेढ्यात रसद संपत आली तेव्हा ब्रिटिश सेनापती कॉर्नवॉलिसने आश्रयाला आलेल्या काळ्या माणसांना छावणीबाहेर काढलं. रानात पडलेली त्यांची प्रेतं पाहिलेल्या एका अमेरिकन शिपायाने लिहिलं की भरवशाचं बक्षीस म्हणून त्यांना देवी मिळाली आणि मजुरी म्हणून उपासमार.

हॅरी वॉशिंग्टनची गोष्ट सांगायलाच हवी. आफ्रिकेत जन्मलेला, जॉर्ज वॉशिंग्टनने विकत घेतलेला, माउंट व्हर्ननच्या तबेल्यात राबलेला. १७७६ मध्ये पळून ब्रिटिशांना मिळाला. १७८३ मध्ये वॉशिंग्टनने ब्रिटिश सेनापती कार्लटनकडे पळालेले गुलाम परत मागितले, कार्लटनने नकार दिला, आणि सुमारे ३,००० नावांच्या नोंदवहीत हॅरीचं नाव लागून तो नोव्हा स्कोशियाला गेला. तिथून १७९२ मध्ये सिएरा लिओनला. तिथल्या इंग्रज कंपनीने जमिनीवर सारा लावला. १८०० मध्ये वस्तीने त्याविरुद्ध बंड केलं, त्यात हॅरी होता, आणि त्याला हद्दपारीची शिक्षा झाली.

उत्तरेत काहींनी नव्या राज्यकर्त्यांचाच शब्द पुढे केला. मॅसॅच्युसेट्सच्या शेफील्डमधली एलिझाबेथ फ्रीमन, तेव्हाची बेट. मालकिणीने उगारलेला चुलीतला तापलेला फावडा तिने हातावर झेलला होता. ती खूण तिने आयुष्यभर झाकली नाही. १७८० च्या राज्यघटनेत सगळी माणसं जन्मतः स्वतंत्र आणि समान आहेत असं लिहिलं होतं. ती वकिलाकडे गेली, मग मी का नाही म्हणाली, आणि १७८१ मध्ये पंचांनी तिच्या बाजूने निकाल दिला. वर तीस शिलिंग भरपाई.

सगळे गोरे गरीब तरी स्वातंत्र्याच्या बाजूने होते ना?

नाही. शेतकऱ्याने बहुधा आधी बघितलं की आपला जमीनदार कुठल्या बाजूला आहे. हडसन खोऱ्यात १७६६ मध्ये कुळांनी खंडाविरुद्ध उठाव केला होता. लिव्हिंग्स्टन घराणं स्वातंत्र्याच्या बाजूला होतं, म्हणून त्यांची बरीच कुळं १७७७ मध्ये राजाच्या बाजूने उठली. त्याच खोऱ्यात फिलिप्स घराणं राजनिष्ठ होतं, तिथली अनेक कुळं स्वातंत्र्यवादी. हिशेब सरळ होता: आपला मालक हरला तर जमीन आपली होईल. नॉर्थ कॅरोलायनात १७७१ मध्ये अलामन्सला 'रेग्युलेटर' म्हणजे जड कर आणि भ्रष्ट अधिकाऱ्यांविरुद्ध उठलेल्या शेतकऱ्यांना चिरडणाऱ्या फौजेत किनाऱ्यावरचे जे बडे लोक होते, त्यांतलेच काही चार वर्षांनी स्वातंत्र्याची भाषा बोलू लागले. डोंगरातल्या शेतकऱ्यांना त्यांचा भरवसा वाटेना, यात नवल नाही.

श्रीमंतांना खालून येणाऱ्या लाटेची भीती वाटत नव्हती?

फार वाटत होती. न्यूयॉर्कच्या गव्हर्नर मॉरिसने, गव्हर्नर हे त्याचं नाव होतं, पद नव्हे, मे १७७४ मध्ये लिहिलं की जमाव विचार करायला लागला आहे. हे बिचारे सरपटणारे जीव उन्हात कात टाकत आहेत आणि दुपारच्या आत चावतील. जॉन ॲडम्सने मे १७७६ मध्ये बजावलं की मतासाठी मालमत्तेची अट काढली तर बायका मत मागतील, बारा ते एकवीस वर्षांची पोरं मागतील, खिशात दमडी नसलेला मागेल.

याच वर्षी पेनसिल्व्हेनियात कारागीर आणि छोटे शेतकरी सत्तेत आले होते. त्यांनी कर भरणाऱ्या प्रत्येक स्वतंत्र पुरुषाला मत दिलं, एकच सभागृह ठेवलं, गव्हर्नर ठेवलाच नाही. हक्कांच्या जाहीरनाम्याच्या मसुद्यात एक कलम होतं: प्रचंड मालमत्ता थोड्या लोकांच्या हाती असणं हे हक्कांना धोकादायक आणि सर्वांच्या सुखाला मारक आहे, म्हणून अशा मालकीला आळा घालण्याचा हक्क स्वतंत्र राज्याला आहे. मतदानात ते कलम पडलं. पण १७७६ च्या उन्हाळ्यात ते सभागृहात वाचलं गेलं, एवढं लक्षात ठेवण्यासारखं आहे.

युद्ध संपल्यावर पैशांचा हिशेब कसा झाला?

मला विचाराल तर या पानावरचा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न हाच. शिपायांना थकलेल्या पगाराऐवजी सरकारी रोखे मिळाले. घरी पोचायलाही हातात नाणी नव्हती, म्हणून त्यांनी ते मिळेल त्या भावाला विकले. आपल्या जुन्या हिशेबात सांगायचं तर रुपयाला दोन-तीन आणे. विकत घेणारे होते शहरातले पैसेवाले. कॉफीची गोष्ट लिहिणाऱ्या ॲबिगेल ॲडम्सनेही अशा रोख्यांत पैसा गुंतवला होता.

आता या रोख्यांवर व्याज द्यायचं तर कर लावायला हवा. मॅसॅच्युसेट्सने तो लावला, जड, आणि नाण्यांतच भरायचा. म्हणजे ज्या शिपायाने रोखा कवडीमोलाने विकला, त्याच शिपायाच्या शेतावर त्याच रोख्याच्या व्याजासाठी जप्ती. २९ ऑगस्ट १७८६ ला शेतकऱ्यांनी नॉर्थॅम्प्टनचं कोर्ट बसू दिलं नाही. कोर्ट बसलं नाही तर जप्तीचा हुकूम निघत नाही, इतकं साधं. त्यांच्या पुढाऱ्यांत डॅनियल शेज होता, फौजेतला माजी कप्तान. अमेरिकेच्या बाजूने लढलेल्या फ्रेंच सेनापती लाफायेतने भेट दिलेली तलवार त्याला तंगीमुळे विकावी लागली होती.

सरकारच्या तिजोरीत खडखडाट होता, म्हणून बोस्टनच्या व्यापाऱ्यांनी वर्गणी काढून फौज उभी केली. २५ जानेवारी १७८७ ला स्प्रिंगफील्डच्या शस्त्रागारासमोर तोफा डागल्या गेल्या, शेजचे चार लोक मेले. फेब्रुवारीत हिमवादळातून रात्रभर चालत येऊन सरकारी फौजेने उरलेल्यांना पीटरशॅममध्ये गाठलं. वीस वर्षांपूर्वी बोस्टनच्या गर्दीला हाक देणारा सॅम्युएल ॲडम्स आता म्हणत होता की राजाविरुद्धचं बंड माफ होऊ शकतं, पण प्रजासत्ताकाविरुद्ध बंड करणाऱ्याला मरणच हवं. पुढच्याच निवडणुकीत मतदारांनी बंड चिरडणाऱ्या गव्हर्नरला पाडलं आणि कर उतरले.

१७९० मध्ये अर्थमंत्री हॅमिल्टनने रोख्यांची पूर्ण किंमत द्यायचं ठरवलं, ते आज ज्याच्या हातात आहेत त्याला. मूळ शिपायालाही वाटा द्यावा असं राज्यघटनेच्या मसुद्यात मोठा वाटा असलेल्या मॅडिसनने सुचवलं. काँग्रेसने, म्हणजे तिथल्या संसदेने, ते फेटाळलं.

मग राज्यघटना श्रीमंतांनी स्वतःसाठीच लिहिली का?

चार्ल्स बीअर्डने १९१३ मध्ये जवळजवळ असंच म्हटलं: घटना लिहिणाऱ्यांपैकी अनेकांकडे रोखे होते. १९५० च्या दशकात संशोधकांनी एकेकाची मालमत्ता तपासून दाखवलं की रोखे असलेले आणि नसलेले असे सरळ दोन तट पडत नव्हते. ती टीका रास्त आहे. पण घटना स्वतः काय म्हणते ते वाचावं. राज्यांनी कागदी पैसा काढायचा नाही, करार मोडणारे कायदे करायचे नाहीत. ही दोन्ही साधनं कर्जदार शेतकरी वापरत होते. प्रतिनिधींच्या जागा ठरवताना गुलामांच्या पाचांतल्या तीन जणांची मोजदाद मालकांच्या राज्यांचं वजन वाढवायला धरली गेली. मॅडिसनने स्वतः लिहिलं की तट पडण्याचं सर्वांत टिकाऊ कारण म्हणजे मालमत्तेची असमान वाटणी. तो हे झाकत नव्हता, त्यावर बांध घालत होता.

मूळ रहिवाशांचं काय?

१७७९ मध्ये वॉशिंग्टनच्या हुकमावरून त्याचा सेनापती सलिव्हन याच्या फौजेने इरोक्वॉ लोकांची चाळीसएक गावं, उभा मका आणि फळबागा जाळल्या. १७८३ च्या तहात त्यांच्या जमिनी ब्रिटनने अमेरिकेला देऊन टाकल्या. त्यांना कुणी विचारलं नाही. गोऱ्या भूमिहीनाला पुढे जी जमीन मिळाली ती बरीचशी यातली होती, हे गरिबांच्या बाजूने लिहिणाऱ्यानेही विसरू नये.

या क्रांतीचा महाराष्ट्राशी काही प्रत्यक्ष धागा आहे का?

दोन-तीन आहेत. १७७७ मध्ये सेंट ल्युबिन हा फ्रेंच वकील पुण्यात आला होता आणि नाना फडणवीसांशी बोलणी करत होता. इंग्रज अमेरिकेत अडकलेले असताना त्यांना इथेही पेचात धरावं असा डाव होता. १७८१ मध्ये यॉर्कटाउनला शरण आलेला कॉर्नवॉलिस १७८६ मध्ये बंगालचा गव्हर्नर जनरल झाला, आणि १७९१ मध्ये टिपूविरुद्धच्या मोहिमेत हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धन त्याला येऊन मिळाले. आणि १८७३ मध्ये जोतीराव फुल्यांनी 'गुलामगिरी' अर्पण केली ती अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्या सदाचारी लोकांना. १७७६ ने जे काम अर्धवट सोडलं होतं ते पुढे करणाऱ्यांचा तो सन्मान होता.

इतक्या गरीब माणसांबद्दल आपल्याला कळतं तरी कसं?

पळालेल्या नोकरांच्या जाहिरातींतून, कोर्टाच्या कागदांतून, आणि पेन्शनच्या अर्जांतून. १८१८ मध्ये काँग्रेसने जुन्या शिपायांना महिन्याला आठ डॉलर द्यायचं ठरवलं, पण अट घातली की माणूस गरजू असला पाहिजे. म्हातारे शिपाई कोर्टात येऊन आपल्या घरातली एकेक वस्तू सांगू लागले.

जोसेफ प्लम मार्टिन त्यांतलाच. पंधराव्या वर्षी फौजेत गेला, यॉर्कटाउनपर्यंत लढला. रानातल्या काळ्या माणसांची ती नोंद त्याचीच. युद्धानंतर मेन प्रांतात रान तोडून त्याने शेत केलं. मग कळलं की त्या जमिनीवर हेन्री नॉक्सची मालकी आहे, म्हणजे त्याच फौजेतल्या त्याच्याच सेनापतीची. शंभर एकरांची किंमत मार्टिनला कधी फेडता आली नाही. पेन्शनसाठी दिलेल्या जबानीत त्याने सांगितलं की माझ्याकडे जमीनजुमला नाही, कसलंही उत्पन्न नाही, बायको आजारी असते. अंथरूण आणि अंगावरचे कपडे सोडून मालमत्ता एवढीच: दोन गायी, सहा मेंढ्या, एक डुक्कर.